लाल उजेडाचे मुखवटे, थरथरणारे ब्रश आणि आपली गव्हाळ कातडी

रानजाई

घरातल्या बायकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सध्या एकच विषय चालू आहे: एलईडी मास्क, म्हणजे कातडी सुधारायला चेहऱ्यावर घालायचा दिव्यांचा मुखवटा. भाचीचं लग्न जवळ आलंय आणि मावश्या-आत्यांनी वर्गणी काढून साडीऐवजी तो लाल उजेडाचा मुखवटा द्यावा, असं तिने जाहीर केलंय. ऑनलाइन पाहिलं तर तीन हजारांतही मिळतो आणि तीस हजारांतही. मिक्सर घ्यायला गेलं तर दुकानदार निदान मोटारीचे वॉट तरी सांगतो. इथे विचारलं की 'मॅडम, रिझल्ट बघा' म्हणून कुणाचे तरी आधीचे-नंतरचे फोटो येतात. आधीच्या फोटोत बाई ट्यूबलाइटखाली रडवेली, नंतरच्यात खिडकीजवळ हसरी.

या यंत्रांबद्दल मला मुळातच संशय आहे आणि तो उगाच नाही. क्लॅरिसॉनिक आठवतोय का? चेहरा धुवायचा थरथरणारा ब्रश. सॉनिकेअर टूथब्रशच्या कामात असलेल्या मंडळींनीच तो २००४ मध्ये बाजारात आणला. मध्यंतरी अमेरिकेहून येणाऱ्या प्रत्येकाला 'येताना तेवढा आण' म्हणून सांगितलं जायचं. २०११ मध्ये लॉरेआलने ती कंपनी विकत घेतली आणि सप्टेंबर २०२० मध्ये बंदही केली. ज्यांच्याकडे ब्रश होते त्या त्याची बदलायची डोकी शोधत बसल्या. आज कुणी म्हणतं का, की ब्रश गेल्यापासून माझा चेहरा नीट धुतला जात नाही?

त्याआधीचा इतिहास वाचला तर अंगावर काटा येतो. १९२० च्या दशकात अमेरिकेत 'ट्रायको' नावाचं यंत्र होतं. खुर्चीत बसायचं आणि क्ष-किरणांनी ओठांवरची, गालांवरची लव घालवायची. दुखत नाही, खुपत नाही, लव जातेच. काही वर्षांनी त्याच जागी कातडी कडक व्हायची, डाग पडायचे, न भरणाऱ्या जखमा व्हायच्या आणि कित्येकींना कॅन्सर झाला. १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये 'थो-रादिया' क्रीम निघालं, चक्क थोरियम आणि रेडियम घातलेलं. प्रयोगशाळेत एखादा नवा किरण सापडला, की थोड्याच वर्षांत तो बाईच्या गालावर येऊन पोहोचतो.

एलईडी म्हणजे क्ष-किरण नाहीत, एवढं मला कळतं. धोक्यापेक्षा माझा प्रश्न उपयोगाचा आहे. तीन हजारांच्या आणि तीस हजारांच्या मुखवट्यात नेमकं काय वेगळं असतं? आणि ज्यांनी घेतलाय त्या अजून वापरताहेत का?

चिंचगूळ

माझ्याकडे आहे. आईने टीव्हीवरच्या जाहिराती बघून मागवलेल्या, पोटाला बांधून घाम काढायच्या सौना बेल्टच्या शेजारी ठेवलाय, दोघांचं छान जमतं. आठवड्यातून चार-पाच वेळा, न चुकता, महिनोन् महिने वापरा असं लिहिलंय. एवढ्या नेमाने मी देवाला फूलही वाहत नाही.

ओहमचा_नियम

रानजाई, किमतीतल्या फरकाबद्दल लिहितो, माझं काम इलेक्ट्रॉनिक्सचं आहे.

आधी हे सांगतो की मागचं विज्ञान थोतांड नाही. १९६७ मध्ये बुडापेस्टला एन्द्रे मेस्टर उंदरांवर कमी शक्तीचा रूबी लेझर टाकून पाहत होते, तर भादरलेल्या जागी केस लवकर उगवलेले दिसले. तिथून हा विषय सुरू झाला. लाल म्हणजे साधारण ६३० नॅनोमीटर तरंगलांबीचा उजेड आणि अवरक्त (इन्फ्रारेड) म्हणजे ८३० च्या आसपासचा, या दोन पट्ट्यांवर बरंच काम झालंय.

पण औषधाला जसा डोस, तसाच उजेडालाही असतो. एक चौरस सेंटिमीटर कातडीवर किती मिलिवॅट पडतात, त्याला सेकंदांनी गुणायचं. ३० मिलिवॅटच्या उजेडाखाली १० मिनिटं बसलात तर १८ ज्यूल मिळाले. तोच मुखवटा ३ मिलिवॅटचा असेल तर तेवढ्यासाठी १०० मिनिटं पडून राहावं लागेल. उलट जास्त दिला म्हणजे जास्त फायदा असंही नाही, एका मर्यादेनंतर परिणाम उतरतो. आता खोका हातात घ्या आणि हा मिलिवॅटचा आकडा शोधा. स्वस्तातल्या मुखवट्यांवर मला तो कधी दिसलेला नाही. '७ रंग, १५० दिवे' एवढंच असतं. दिवे मोजून काय करायचं? देवळाच्या रोषणाईत हजार असतात.

सात रंगांचीही गंमत आहे. स्वस्त मुखवट्यात लाल, हिरवा, निळा असे तीनच एलईडी एका ठिपक्यात असतात. पिवळा हवा असेल तर लाल आणि हिरवा एकदम पेटवतात. आपल्या डोळ्याला ते पिवळं दिसतं, पण कातडीवर पडतो तो लाल आणि हिरवाच. त्यामुळे 'पिवळा उजेड सुरकुत्यांवर, जांभळा डागांवर' असा जो तक्ता सोबत येतो तो मी तरी गंभीरपणे घेणार नाही.

सुटे लाल एलईडी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किरकोळीत मिळतात. महाग मुखवट्यात पैसे जातात ते अचूक तरंगलांबीच्या एलईडीला, उष्णता आणि वीजप्रवाह सांभाळणाऱ्या सर्किटला, चाचण्यांना आणि अर्थात जाहिरातीतल्या नटीला. कशाला किती, ते कंपनीलाच ठाऊक.

घरी करून बघण्यासारखी एक तपासणी: अवरक्त दिवे डोळ्याला जवळजवळ दिसत नाहीत, पण बऱ्याच मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून फिकट जांभळे दिसतात. खोक्यावर 'इन्फ्रारेड' लिहिलंय आणि कॅमेऱ्यात काहीच दिसत नसेल तर विक्रेत्याला विचारा.

हिमरू

एवढंही झोडपू नका हो. मी निळ्या-लाल उजेडाचा वापरते आणि माझी मुरुमं नक्की कमी झाली आहेत. महागातला घेतला, मिलिवॅट लिहिलेला. गोळ्या-मलमांनी थकलेल्या माणसाला हे बरं वाटतं. 'बायका फसतात' असा सूर धाग्यात लागायला लागला की मला राग येतो. पुरुष टक्कल झाकायला काय काय डोक्यावर घालतात त्याचा वेगळा धागा काढा.

कोरफड

हिमरू, तुम्हाला फरक पडला असेल. मुरुमांच्या जिवाणूंमध्ये पॉर्फिरिन नावाची द्रव्यं असतात, ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड ती शोषतात आणि त्यातून जिवाणू मरतात. सौम्य मुरुमांवर उपयोग होतो, खोल गाठींवर नाही. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि माझ्या पेशंटना घरचा मास्क 'घेऊच नका' असं सांगत नाही. मात्र कोणत्या रंगाचा उजेड ते विचारते.

आपल्या कातडीची गोष्ट इथे वेगळी पडते. फिट्झपॅट्रिक या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने १९७५ मध्ये त्वचेचे प्रकार पाडायला सुरुवात केली, आता ते सहा मानतात. उन्हात पटकन लाल होणारी गोरी कातडी एका टोकाला, कधीच न भाजणारी गडद कातडी दुसऱ्या टोकाला. आपल्यातले बहुतेक चौथ्या-पाचव्या प्रकारात येतात. २०१० मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, अतिनील किरण नसलेला, नुसता दिसणारा उजेड टाकल्यावरही चौथ्या ते सहाव्या प्रकारची कातडी काळवंडली आणि टिकून काळवंडली, दुसऱ्या प्रकारच्या गोऱ्या कातडीला काहीच झालं नाही. पुढे २०१४ मध्ये फ्रान्समधल्या अभ्यासात तरंगलांब्या वेगळ्या करून पाहिल्या, तर ४१५ च्या निळ्या-जांभळ्या उजेडाने डाग पडले, ६३० च्या लालने नाही.

म्हणजे वांग असलेल्या, बाळंतपणानंतर गालावर काळे पट्टे आलेल्या किंवा मुरूम गेल्यावर महिनोन् महिने डाग उरणाऱ्या बाईने 'सात रंगांचा' मुखवटा घेऊन निळं बटण दाबलं तर जे घालवायचं तेच वाढू शकतं. जाहिरातीतली कोरियन किंवा युरोपियन मुलगी तुम्हाला हे सांगणार नाही, कारण तिला बहुधा हा त्रास नसतोच.

डोळ्यांचंही लक्षात ठेवा. २०१९ मध्ये न्यूट्रोजिनाने मुरुमांसाठीचा आपला लाइट मास्क बाजारातून परत घेतला. डोळ्यांचे काही मूळचे विकार असलेल्या किंवा प्रकाशाला संवेदनशील करणारी औषधं घेणाऱ्या थोड्या लोकांना इजा होण्याची शक्यता, हे कारण कंपनीने दिलं होतं. मधुमेहाने पडद्यावर परिणाम झालेली आपल्याकडची काकू हा मास्क घालण्याआधी नेत्रतज्ज्ञाला विचारते का? नाही विचारत.

न्यूजर्सीकर

इथे अमेरिकेत सगळ्या खोक्यांवर ठळक 'एफडीए क्लिअर्ड' असतं (एफडीए म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारं इथलं सरकारी खातं) आणि भारतातले विक्रेते तेच दाखवतात. त्यामागे काय असतं ते थोडक्यात. मधल्या जोखमीच्या बहुतेक उपकरणांसाठी कंपनीने एवढंच दाखवायचं असतं की आमची वस्तू आधीपासून बाजारात असलेल्या अमुक वस्तूसारखीच आहे. नव्या औषधाला लागतात तशा मोठ्या चाचण्या इथे बहुतेकदा लागत नाहीत. तरी हा शिक्का अगदीच फुकाचा नाही. नुसतं 'एफडीए रजिस्टर्ड' लिहिलं असेल तर मात्र कारखान्याचं नाव-पत्ता नोंदवलाय, बस. आणि एफडीएचा लोगो छापला असेल तर सरळ उठून चालू लागा, तो खाजगी मालावर छापायची परवानगीच नाही. खऱ्या मंजुरीला 'के' अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही शोधता येतो.

चिंचगूळ, बेल्टवरून आठवलं. पोटाला विजेचे झटके देऊन 'व्यायामाशिवाय सिक्स पॅक' देणाऱ्या पट्ट्या होत्या ना, त्यातल्या तीन पट्ट्या विकणाऱ्यांवर इथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी खात्याने, २००२ मध्ये खटले भरले. पुढे तशाच झटक्यांची छोटी भावंडं चेहऱ्यासाठी आली.

पाटावरवंटा

'मायक्रोकरंट' म्हणतात तेच ना? माझ्या जावेकडे आहे. लावल्यावर तासभर गाल वर गेल्यासारखे दिसतात खरे. दुसऱ्या दिवशी जागच्या जागी. आणि ते जेलशिवाय चालत नाही. यंत्र एकदाच विकलं जातं, जेल दर महिन्याला. वर फोनमध्ये ॲप, त्यात जादा 'मोड' हवे असतील तर पुन्हा पैसे. जाऊबाईंना मी म्हटलं, कोरफडीचा गर लावून बघ, तर ॲपमध्ये वॉरंटीची अट वाचून दाखवली.

सांगलीची_शोभा

माझं पार्लर आहे, बरीच वर्षं झाली. आमच्याकडं दर दोन महिन्यांनी एक सेल्समन नवीन मशीन घेऊन येतोय. कधी 'फाइव्ह इन वन', कधी 'टेन इन वन'. दहा कामं करणारं मशीन एकही काम धड करत नाही, हे मी त्याला तोंडावर सांगते. पण समोरच्या गल्लीतलीनं घेतलं की गिऱ्हाईक विचारतंच, 'तुमच्याकडं नाही का?' म्हणून कोपऱ्यात एक ठेवावं लागतं. खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा माझ्या बोटांचा मसाज लोकांना आवडतो.

रानजाईताई, तुम्ही जुनं लिहिलंय म्हणून सांगते. पार्लरमध्ये काचेची कांडी असते, कातडीला टेकवली की जांभळा उजेड पडतो आणि चर्र आवाज येतो, ती 'हाय फ्रिक्वेन्सी'. ती शंभर वर्षांपूर्वीचीच वस्तू आहे. तेव्हा परदेशात डोकेदुखीपासून टकलापर्यंत सगळ्याला लावायचे म्हणे. आमच्या कोर्समध्ये ती आणि सौम्य विजेचं 'गॅल्व्हॅनिक' मशीन अजून शिकवतात. कांडी टेकवल्यावर ओझोनचा वास येतो, गिऱ्हाइकाला वाटतं काहीतरी होतंय.

आणि नवरीसाठी एकच सांगणं. लग्नाच्या आधी पंधरा दिवस नवीन मशीन, नवीन क्रीम, नवीन फेशियल, काही काही करू नका. हळदीच्या दिवशी चेहऱ्यावर पुरळ घेऊन आलेल्या मुली मी सावरल्यात. मेकअपनं झाकतं, पण रडून डोळे सुजले की त्याला काही करता येत नाही.

टिवल्याबावल्या

माझं आवडतं यंत्र राहिलंच की. जानेवारी २०१७, लास व्हेगासचं सीईएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं प्रदर्शन. केरास्तास आणि विदिंग्ज या कंपन्यांनी मिळून केसांचा ब्रश सादर केला, त्यात मायक्रोफोन! केस विंचरताना तुटण्याचा आवाज ऐकून फोनवर गुण देणार. कुणासाठी होता तो? माझी आजी न ऐकता सांगायची, 'ओले केस विंचरू नकोस गं.'

(हलके घ्या. पण दोनशे डॉलरच्या आत किंमत ठेवणार म्हणून अभिमानाने सांगत होते.)

भाची_स्वतः

मावशी, हा धागा माझ्यावर आहे हे मला आत्याने लिंक पाठवून सांगितलं. धन्यवाद.

सगळं वाचलं. ओहमचा_नियम काका, मला हवा असलेल्या मास्कच्या खोक्यावर खरंच मिलिवॅट नाहीत, दिवेच मोजलेत. तो रद्द. पण एक बाजू कुणी लिहिली नाही. मी दिवसभर लॅपटॉपसमोर, घरी आल्यावर हॉलची यादी, पत्रिका, केळवणं. दहा मिनिटं डोळे मिटून, फोन लांब ठेवून पडायला मिळावं म्हणूनही मला तो हवा होता. तो चेहऱ्यावर असताना कुणी 'जरा चहा टाक' म्हणत नाही. तुमच्या पिढीने याच कारणासाठी बेसन लावलं असणार.

आणि वर्गणी आधीच जमलीये तर त्या पैशांत घरी लव काढायचं आयपीएल, म्हणजे उजेडाचे झोत टाकणारं यंत्र, घेऊ का? हनुवटीवर आणि ओठांवर केस आहेत, सारखं थ्रेडिंग करून कंटाळले.

रानजाई

बेसनाबद्दल बरोबर आहेस. पण बेसनाची वर्गणी काढावी लागत नव्हती. आयपीएलचं कोरफड यांना विचारू, मला त्यातलं कळत नाही.

गणपुले_नाना

मध्येच विचारतो. केसांसाठी तो सुयांचा रोलर मिळतो, आमचे चिरंजीव होस्टेलवर वापरतात. सायन हॉस्पिटलचा अभ्यास आहे म्हणतात. खरं का?

कोरफड

नाना, अभ्यास खरा आहे आणि आपल्या मुंबईचाच आहे, २०१३ चा. टक्कल पडू लागलेले १०० पुरुष घेतले. निम्म्यांना नुसतं ५ टक्के मिनॉक्सिडिल हे केस उगवायचं औषध, निम्म्यांना त्यासोबत आठवड्यातून एकदा दीड मिलिमीटर सुयांचा रोलर. १२ आठवड्यांनी मोजलं तर रोलरवाल्यांच्या केसांच्या संख्येत सरासरी ९१ ची भर होती, नुसत्या मिनॉक्सिडिलवाल्यांच्या सुमारे २२ ची. पण ते देखरेखीखाली, निर्जंतुक करून आणि औषधासोबत झालेलं काम आहे. चिरंजीवांचा रोलर ऑनलाइन आलेला असेल, सुया एकसारख्या आहेत की नाहीत देव जाणे. खोलीतली मुलं तो एकमेकांत फिरवतात का, एवढं मात्र आजच विचारा. रक्तातून पसरणारे आजार तसेच पसरतात.

आता भाची. आयपीएलमागचं तत्त्व १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश यांनी मांडलं: केसातला काळा रंग उजेड शोषून तापतो आणि केसाचं मूळ जळतं. पण तोच काळा रंग कातडीतही असतो. गोरी कातडी आणि काळा केस ही त्याची आदर्श जोडी. कातडी जितकी सावळी तितका उजेड वरच अडतो आणि तिथे चटका किंवा डाग पडतो. म्हणून चांगल्या यंत्रासोबत कातडीच्या रंगाचा तक्ता येतो आणि त्यातल्या सर्वांत गडद रंगाला ते स्वतःच नको म्हणतात. गव्हाळ रंगाला चालतं, पण कमी शक्तीवर, म्हणजे परिणामही कमी. आमच्याकडे सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर वापरतो, कारण तो वरच्या रंगात कमी अडकतो. घरच्या आयपीएलमध्ये ते शक्य नाही. आणि 'केस कायमचे जातील' असा दावा कुणी केला तर लक्षात ठेव, अमेरिकेची एफडीएसुद्धा तो दावा फक्त इलेक्ट्रोलिसिसला, म्हणजे सुईने केसाच्या मुळाला वीज देण्याच्या पद्धतीला, करू देते. लेझरला आणि आयपीएलला 'केस कमी होणं' एवढंच.

मला जास्त काळजी तू 'हनुवटी' लिहिलंस त्याची आहे. चेहऱ्यावर, विशेषतः जबडा आणि हनुवटीवर, अशा उजेडाने काही जणींचे केस उलट वाढतात. बारीक लव होती तिथे जाड केस येतात. सावळ्या कातडीत आणि हार्मोन्सची गडबड असलेल्या मुलींत हे जास्त दिसतं. तुझे हनुवटीचे केस जाड आहेत का? पाळी वेळेवर येते का?

भाची_स्वतः

जाड आहेत. पाळी दोन-दोन महिन्यांनी येते, पण मला वाटलं कामाच्या ताणामुळे. कुणाकडे जायचं, स्किनच्या डॉक्टरकडे की गायनॅककडे?

कोरफड

आधी गायनॅककडे. सोनोग्राफी, थायरॉइड, टेस्टोस्टेरॉन आणि साखर सांगतील बहुधा. रक्त कधी द्यायचं ते त्यांनाच विचार, काही तपासण्या पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करतात. रिपोर्ट घेऊन मग त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. लग्नापर्यंत थ्रेडिंग चालू ठेव, त्याने केस जाड होत नाहीत.

सांगलीची_शोभा

आणि थ्रेडिंग लग्नाच्या दोन दिवस आधी कर, आदल्या दिवशी नको. ओठावर लाली राहते.